चादरी जातात कुठे

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

दोन दिवसांचं ट्रेनिंग काल संपलं. विषय: सिस्टिम थिंकिंग. हॉस्पिटलने प्रत्येक खात्यातून एकेक माणूस पाठवला होता. लाँड्रीतून मी, इनचार्ज. लाँड्रीत माझ्याशिवाय अकरा बायका आहेत, पण त्यांना पाठवून चालणार नव्हतं. त्यांना कामं असतात.

शिकवायला एक दाढीवाले सर होते. मुद्दा असा, की जगात कुठलीच गोष्ट एकटी बिघडत नाही. एक दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला, आणि फिरून धक्का पहिलीलाच बसतो. म्हणून माणसाला दोष देऊ नका, सिस्टिमकडे बघा. हे मला फार म्हणजे फारच पटलं. वहीत दोनदा अधोरेखित केलं. शेवटी सरांनी प्रत्येकाला आपापल्या कामाचं चित्र काढायला लावलं. माझं बघून म्हणाले, यात तुम्ही कुठे दिसत नाही. मी म्हटलं, सर, मी चित्र काढतोय ना! ते दाढीतल्या दाढीत हसले. उत्तर आवडलं असावं.

संकल्प: ३१ तारखेच्या आत चादरींचा प्रश्न कायमचा निकालात काढणे.

प्रश्न असा. हॉस्पिटलात खाटा तीनशे. रजिस्टरप्रमाणे चादरी नऊशे. एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात, असा सरळ हिशोब. प्रत्यक्षात माझ्या खिडकीशी वॉर्डाची माणसं रोज भांडतात आणि रिकाम्या हाताने जातात. ॲडमिनिस्ट्रेटर मॅडमनी शुक्रवारी बोलावून सांगितलं, महिनाअखेर हा तुटवडा दिसला तर लाँड्री बाहेरच्या कंपनीला देऊ. म्हणजे अकरा बायका घरी, आणि बारावा मी. बावन्नाव्या वर्षी मला कोण ठेवून घेणार?

मी घाबरलेलो नाही. फक्त पाणी जास्त लागतंय.

५ मार्च, बुधवार

वॉर्डांची पाहणी केली. हादरलो! ऑक्सिजनच्या कपाटात अठरा चादरी. ईसीजी मशीनच्या खणात सात. बायकांच्या वॉर्डात तर प्रत्येक गादीखाली एकेक घडी. विचारलं तर तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, पेशंटला अवेळी उलटी झाली तर काय तुमच्या बंद खिडकीपुढे उभ्या राहू?

किती हा अविश्वास. यालाच सिस्टिम बिघडणं म्हणतात. प्रत्येकजण आपल्यापुरतं बघतो, सगळ्यांचं कुणी बघत नाही. मी एकटाच.

जाता जाता नोंद. लाँड्रीला लागून असलेल्या जुन्या एक्स-रेच्या डार्करूममध्ये माझ्याकडे चाळीस चादरी बाजूला ठेवलेल्या आहेत. एक्स-रे आता कंप्युटरवर दिसतात, खोली रिकामीच होती, किल्ली माझ्याकडे. पण या चाळीस वेगळ्या. त्यांना बफर म्हणतात. सरांनी खास सांगितलं होतं, चांगल्या सिस्टिममध्ये बफर हवा, म्हणजे अडीअडचणीला राखीव साठा. वॉर्डवाले करतात ते लपवणं.

६ मार्च, गुरुवार

आजपासून नवा नियम. एक मळकी चादर आणा, एक धुतलेली न्या. इतका साधा नियम आजवर कुणाला सुचला नाही, याचं आश्चर्य वाटतं. लाँड्रीतल्या मावशींना दाखवला. मावशी म्हणजे अकराजणींतल्या सगळ्यात जुन्या, मी लागलो त्याच्या आधीपासून इथे आहेत. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, बरं. त्यांच्या बरं म्हणण्यात काहीतरी असतं.

८ मार्च, शनिवार. दुपारी

वॉर्डवाले चादरी मधोमध फाडून आणतायत. अर्धी मळकी चादर द्यायची, अख्खी धुतलेली न्यायची. मावशींनी दोन तुकडे शेजारी धरून दाखवले, दोरा न दोरा जुळत होता. म्हणजे दोन दिवसांत मी दोन अख्ख्या चादरी देऊन एक फाटकी मिळवली. असे एकोणीस जोड सापडले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण दोष माझा नाही, सिस्टिमचा. वही काढून खात्री करून घेतली.

उपाय: खिडकीवर मीटरपट्टी लावणार. प्रत्येक मळकी चादर मोजून घेणार.

खबरदारी म्हणून बफर पंच्याऐंशीवर नेला. परिस्थिती बिकट आहे, अशा वेळी हाताशी काही नको का?

११ मार्च, मंगळवार

मोजण्यात वेळ जातो. खिडकीपुढे रांग. वॉर्डाचा माणूस चाळीस मिनिटं अडकून पडतो. म्हणून आता ते दिवसातून तीनदा येत नाहीत, एकदाच येतात आणि तीनदाचं सगळं एकदम आणतात. सकाळी मशीन रिकामी बसून असतात, दुपारी सगळं अंगावर कोसळतं. मावशी म्हणाल्या, साहेब, पूर्वी आम्हाला जेवायला बसायला मिळायचं.

मी त्यांना डिले नावाची संकल्पना समजावून सांगितली. उपायाचा परिणाम दिसायला वेळ लागतो, तोवर धीर धरायचा. त्या ओल्या चादरींचा ढीग उचलत होत्या, पण ऐकत असाव्यात.

त्या बाहेरच्या कंपनीचा माणूस आला होता. टेपने आमचा धुण्याचा हॉल मोजून गेला. फार सभ्य माणूस. जाताना मला एक पेन दिलं. ते मी खिडकीच्या कट्ट्यावरच ठेवून दिलं. बायका घड्या घालायचं थांबून बघत होत्या. त्यातली एक विधवा आहे, दोन मुली शिकतायत. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी काहीतरी सांगितलं असतं.

१२ मार्च, बुधवार

सासूबाईंना पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलात, पुढच्या आठवड्यात. बायको म्हणाली, तुम्ही तिथलेच आहात म्हणून मला काळजी नाही. मी म्हटलं, अजिबात करू नकोस.

तिला चादरींचं काही बोललो नाही. घरी ऑफिस आणत नाही मी.

१४ मार्च, शुक्रवार

कॉरिडॉरमध्ये मॅडमनी गाठलं. नेमक्या किती चादरी कमी पडतात, एवढंच विचारलं. मी मागणी, पुरवठा, परस्परावलंबन यांवर सहा मिनिटं बोललो. मॅडम म्हणाल्या, आकडा सांगा. मी म्हटलं, आकडा हलता आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. अजून डोळ्यांपुढून ते बघणं जात नाही.

बफर १४०. डार्करूमला नवं कुलूप लावलं. मावशींनी विचारलं, आत काय आहे हो? मी म्हटलं, केमिकल. त्या म्हणाल्या, केमिकलला साबणाचा वास येतो होय.

दुपारपासून पाच चहा झाले. चहा कमी करावा.

१७ मार्च, सोमवार

पुरुषांच्या वॉर्डात दोन पेशंटमध्ये एक चादर, अशी तक्रार. आज तर खिडकीवर दहाच्या आत शून्य झालं. मी शून्य लिहिलेली पाटी लावली आणि शटर ओढून आत बसलो. बाहेरून लोक शटर वाजवत होते.

विचार केला. तुटवडा वाढतोय, म्हणजे धोका वाढतोय, म्हणजे बफर वाढवला पाहिजे. संध्याकाळी ७२ आत टाकल्या. एकूण २१२. आता जरा सुरक्षित वाटतंय.

तरी निघताना कुलूप तीनदा ओढून बघितलं. का ते कळत नाही. आकडा तर चांगला आहे.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६

लिहू की नको. लिहितो.

सकाळी सासूबाईंचं ऑपरेशन झालं. छान झालं, असं डॉक्टर म्हणाले. अकराला बायकोचा फोन. आईला खाटेवर आणलंय, गादीवर चादर नाही, नुसतं रेक्झिन. घामाने पाठ चिकटते, कुशीवर वळवताना कातडी ओढली जाते, आई कण्हते. सिस्टरना विचारलं तर म्हणतात, लाँड्रीत शून्य आहे, तुमच्या मिस्टरांनीच पाटी लावली आहे. काहीतरी करा.

मी उठलो. सरळ डार्करूमच्या दारापर्यंत गेलो. किल्ली हातात. समोर घड्यांचं टेबल, तिथे बायका बसलेल्या. कंपनीचा माणूस आज पुन्हा आला होता, तो खिडकीशी उभा. आणि त्याच्या डोक्यावर माझ्याच अक्षरात शून्याची पाटी. कुलूप काढलं असतं तर आतलं सगळं सगळ्यांना दिसलं असतं. मग मॅडम. मग बाहेरची कंपनी. मग या अकराजणी. मी त्यांच्यासाठीच थांबलो. हो, त्यांच्यासाठीच.

किल्ली खिशात टाकली आणि स्कूटर काढून घरी गेलो. कपाटातली पहिली हाताला लागली ती चादर घेतली. पिवळी, मोठाली सूर्यफुलं असलेली. पाऊण तासाने वॉर्डात पोचलो. तोवर सासूबाई तशाच. मी आणि बायकोने मिळून ती खाली सरकवली. त्यांची पाठ लाल झाली होती, रेक्झिनच्या सुरकुत्या तिच्यावर उमटल्या होत्या. डोळे मिटलेलेच. म्हणाल्या, जावई आले का.

बायकोने मला विचारलं, हॉस्पिटलात खरंच एकही नव्हती? मी म्हटलं, सिस्टिम कोलमडली आहे.

आज जेवण गेलं नाही.

२० मार्च, गुरुवार

मॅडमचा राउंड. तीनशे पांढऱ्या खाटांत एक सूर्यफुलांची. थांबल्याच. हे काय आहे? सासूबाईंना कालपासून धड बोलायची ताकद नव्हती, ती नेमकी आज आली. अभिमानाने म्हणाल्या, आमच्या जावयांनी घरून आणली, इथल्या लाँड्रीत ते मोठे साहेब आहेत. मॅडमनी हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. मी खांबामागे होतो.

काय लिहिलं असेल? चादर की साहेब?

२२ मार्च, शनिवार

सूर्यफुलं चालतात म्हटल्यावर सगळ्यांचे नातेवाईक घरून चादरी आणायला लागले. चौकड्या, पट्टे, वाघ, मोटारगाड्या. वॉर्ड ओळखू येईना. मला क्षणभर आनंद झाला, मागणी आपोआप घटली! असे न ठरवता होणारे फायदेही असतात, सरांनी सांगितलं होतं.

दुपारी त्याच चादरी मळून लाँड्रीत आल्या. पांढऱ्यांत मिसळल्या, गरम पाण्यात गेल्या. वाघ असलेल्या चादरीने सत्तर पांढऱ्या चादरी पिवळ्या केल्या. कुणाची कुठली, पत्ता नाही. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

मी काही केलेलंच नव्हतं खरं तर. फक्त सासूबाईंची सोय केली.

२४ मार्च, सोमवार

एका बाईची चादर हरवली. तिच्या आईने स्वतः टाके घालून केलेली होती. तिचा नवरा मला शोधत खाली आला. मोठा आवाज, मोठे हात. इनचार्ज कुठे आहे, म्हणून ओरडत होता. माझी पाचावर धारण बसली. डार्करूममध्ये शिरलो आणि आतून कडी लावली. जुना लाल दिवा लागतो अजून. त्या उजेडात दोनशे बारा चादरींच्या ढिगावर बसलो. किती मऊ, किती स्वच्छ. बाहेर तो माणूस रडायला लागला होता, तेही ऐकू येत होतं. चादरीसाठी कुणी रडतं हे मला माहीत नव्हतं.

तो गेल्यावर दारावर टकटक. मावशी. म्हणाल्या, उघडा साहेब, केमिकल बघायचंय.

उघडलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, चाळीस होत्या तेव्हापासून माहीत आहे, धुणारीला आपण धुतलेलं कुठे गेलं हे कळतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, नोकरी जाईल म्हणून. म्हणजे भीती मला एकट्याला वाटत नव्हती.

मग त्या त्याच ढिगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, तुम्ही देत नाही म्हणून सिस्टर लपवतात. सिस्टर लपवतात म्हणून तुम्ही लपवता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. कुणीतरी आधी उघडलं पाहिजे. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने.

दाढीवाल्या सरांनी याला दोन दिवस आणि बावीस स्लाइड घेतल्या होत्या.

मावशींचं म्हणणं, उद्या सगळ्या बाहेर टेबलावर मांडायच्या. खिडकी नाही, मोजणं नाही, पाटी नाही. तीन दिवस ज्याला जितक्या हव्यात तितक्या. मी म्हटलं, तासाभरात लुटून नेतील. त्या म्हणाल्या, नेतील की. पुढे?



२५ मार्च, मंगळवार

मांडल्या. मी टेबलाशेजारी स्टुलावर. मॅडम येतील आणि एवढ्या चादरी कुठून आल्या विचारतील, म्हणून तीन उत्तरं पाठ करून बसलो होतो. पहिल्या तासात एकशे तीस गेल्या. पुरुषांच्या वॉर्डाने दोन फेऱ्या केल्या. शटर ओढायला उठलो, तर मावशींनी हाताला धरून खाली बसवलं. नोकरीत पहिल्यांदाच मला कुणी हाताला धरून बसवलं.

मॅडम आल्या. चादरी बघितल्या, मला बघितलं, उघडी डार्करूम बघितली. काही न विचारता गेल्या. पाठ केलेली तिन्ही उत्तरं वाया.

२६ मार्च, बुधवार

सकाळी साठ. दुपारनंतर कुणी आलंच नाही. मी दोनदा वॉर्डात फोन करून विचारलं, चादरी नकोत का? तिकडून सिस्टर म्हणाल्या, आहेत की, टेबलावर दिसतायत, लागली की नेऊ.

इतकी शांतता बरी नाही. काहीतरी शिजतंय.

२८ मार्च, शुक्रवार

बायकांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर स्वतः ट्रॉली ढकलत आल्या. गादीखालच्या घड्या परत. म्हणाल्या, जागा अडते. मग ऑक्सिजनच्या कपाटातल्या आल्या. ईसीजीच्या खणातल्या सात. दिवसभरात एकशे एक्याऐंशी. पुरुषांच्या वॉर्डाने मात्र एकही दिली नाही, तिथले इनचार्ज माझ्यासारखेच दूरदृष्टीचे आहेत.

बायका आज जेवायला बसल्या. मलाही बोलावलं. त्या विधवा बाईने मला पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाली, साहेब, आता राहील ना आपलं? मी म्हटलं, माहीत नाही. हे दोन शब्द मी ऑफिसात आधी कधी वापरले होते, आठवत नाही.

३१ मार्च, सोमवार

मॅडमनी अकराला बोलावलं. मावशींनाही. महिनाअखेर वॉर्डांत तुटवडा दिसला नाही, म्हणून लाँड्री बाहेर जात नाही. तीन महिने बघू, म्हणाल्या. बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी ओरडून कॉरिडॉर डोक्यावर घेतला, सिक्युरिटीवाला धावत आला.

चादरींचं वाटप उद्यापासून मावशी बघणार. मी त्यांना मदत करायची. मॅडम मला म्हणाल्या, तुमचं टेबल तिथेच राहील, काळजी करू नका. आणि म्हणाल्या, पुढच्या ट्रेनिंगला तुम्ही नक्की या, उदाहरण म्हणून. मी थँक्यू म्हणालो. जिन्यात आल्यावर नीट कळलं.

संध्याकाळी

सासूबाई सध्या आमच्याकडेच आहेत, टाके निघाले. आज फोनवर आपल्या वहिनींना तिसऱ्यांदा तेच सांगत होत्या. अख्ख्या हॉस्पिटलात एक चादर नव्हती गं, पण आमचे जावई, एवढे मोठे साहेब, काम टाकून घरी धावले आणि आपल्या हाताने माझ्या पाठीखाली घातली. पोटचा मुलगा असता तरी त्याने केलं नसतं. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला कुणी सांगितलं असेल? सगळं हॉस्पिटल जाणतं, तिलाच कळायचं कसं राहील?

मॅडमची भीती वाटायची ती वेगळी. ही फार वाईट होती. फोन ठेवल्यावर मी खुर्ची ओढून सासूबाईंजवळ बसलो आणि सांगून टाकलं. डार्करूम, कुलूप, किल्ली, सगळं. मी दारापर्यंत जाऊन परत फिरलो तेही.

त्या रागावल्या नाहीत. पांघरुणाची कड बोटाने सरळ केली. मग विचारलं, किती होत्या?

मी म्हटलं, दोनशे बारा.

त्या म्हणाल्या, दोनशे बारा. आणि त्यातली एक मला नाही दिलीत?

बफर हा शब्द तोंडात आला होता. गिळला. त्यांचं औषध आणून दिलं, पाणी दिलं. त्यांनी घेतलं. पण जावई म्हणून हाक मारली नाही, नुसतं म्हणाल्या, दिवा मालवा.